वास उत्तम

अर्काच्या त्या कारखान्यात मावशीच्या नाकापुढे कोणाचं काही चालत नसे. पाला, साल, मूळ, फूल, पोत्यातून काहीही आलं की ते आधी मावशीपुढे यायचं. ती मूठभर काढायची, तळहातावर चोळायची आणि डोळे मिटायची. तेवढा वेळ माल आणणारा परीक्षेचा निकाल लागत असल्यासारखा उभा. "चालेल," म्हणाली की पोतं आत. नाक मुरडलं की पोतं आल्या वाटेने परत, मग समोरचा किती का गयावया करेना. कोणत्या सालीत भलतीच साल मिसळलीये, कोणता पाला सावली सोडून उन्हात वाळवलाय, कोणतं पोतं वाटेत डिझेलच्या डब्याला टेकून आलंय, सगळं तिला कळायचं. मालकाच्या वडिलांनी एकदा माल तपासायचं यंत्र घ्यायचं मनात आणलं होतं. किंमत ऐकली आणि म्हणाले, "यंत्र कशाला, आपल्याकडे मावशी आहेत की!" हे वाक्य मावशीने पुढे भेटेल त्याला ऐकवलं. माणसाला कशाचा ना कशाचा गर्व असतोच. तिचा चेहऱ्याच्या मधोमध होता, एवढंच.

त्यामुळे गेल्या आठवड्यात वाळ्याच्या मुळांची सात पोती आली तेव्हा दुसऱ्या कोणी तोंड उघडलं नाही. मुळं लांब, दाट, गुंतलेल्या केसांसारखी. मावशीने मूठभर चोळून नाकाशी धरली आणि डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत. इतकं खोल, गोडसर, लाकडी वासाचं मूळ तिने पाच-सहा वर्षांत हुंगलं नव्हतं. वहीत 'वास' या रकान्यात तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'उत्तम', आणि शिक्का मारला.

मग मुळं धुतली, चिरली, भिजवली, उकळली, गाळली, आणि काढा चार दिवस आटवून आटवून त्याचा दाट काळा अर्क झाला. एक पिंप भरलं. गुरुवारी दुपारी चारला थंड पेयवाल्यांची गाडी ते न्यायला येणार होती. या अर्कापासून ते वाळ्याचं हिरवं पेय करत, आणि शाळांच्या कॅन्टीनमध्ये ते पाकिटातून मिळायचं. मावशीच्या लेकीला फार आवडायचं. पाकिटाचा कोपरा दाताने फाडून ती ते एका दमात प्यायची.

गुरुवारी सकाळी मावशी चोथ्यापाशी गेली. उकळून उरलेला चोथा बाहेर टाकण्याआधी दाताळ्याने उलटापालटा करून बघायचा, मुळाने सगळं दिलंय की अजून काही राखून ठेवलंय ते पाहायचं, ही तिची जुनी खोड.

"मावशी, मेलेल्याची नाडी काय बघता?" भट्टीवाला म्हणाला.

"मेलेलेच जास्त खरं बोलतात," मावशी म्हणाली, आणि दाताळ्याच्या दाताला काहीतरी अडकलं.

कापडाची चिंधी होती. रंग उकळून गेला होता, पण मावशीने गाठ नखाने सोडवली तर आतल्या घडीत पिवळा रंग शाबूत, आणि त्यावर एक निळा ठिपका. गाठही साधी नव्हती. डाव्या हाताची, दोन वेढे घेऊन तिसरा आतून काढलेली. अशी गाठ साऱ्या वस्तीत एकच बाई मारत होती, आणि ती या क्षणी हातात दाताळं घेऊन उभी होती.

मावशीने चिंधी मुठीत घट्ट धरली.

तिच्या गल्लीच्या मागे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचं आवार होतं. अकरा वर्षांपूर्वी ते बंद पडलं. मालक पळाला, शिसं मातीत राहिलं. पोरं तिथेच खेळायची. मग कोणीतरी गल्लीतल्या सगळ्या पोरांचं रक्त तपासलं, त्यात शिसं निघालं आणि घराघरांत रडारड झाली. मावशीची लेक तेव्हा चार वर्षांची होती. तिला घड्याळ वाचायला बारावं वर्ष उजाडलं. पाढे आजही राहत नाहीत. मात्र एकदा पाहिलेलं माणूस ती कधी विसरत नाही, आणि कोणी तिला 'बिचारी' म्हटलेलं मावशी कधी विसरत नाही.

मावशीने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. एका साहेबाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने पहिल्याकडे. शेवटी माती तपासणाऱ्या एक मॅडम आल्या, गल्लीच्या भाषेत मातीवाल्या मॅडम. म्हणाल्या, इथे वाळा लावू. याची मुळं माणसाच्या उंचीपेक्षा खोल जातात, मातीतलं शिसं ओढून घेतात आणि मुळातच धरून ठेवतात. तीन वर्षांनी मुळासकट उपटायचा, गावाबाहेर सिमेंटचा तळ घातलेला खड्डा आहे त्यात टाकायचा, वर झाकण. मग पुन्हा नवा लावायचा. अशा तीन-चार खेपा केल्या की माती पुन्हा मातीसारखी होईल.

गल्लीतल्या बायकांनी वाळा लावला. ओळी मोजायला मॅडमनी प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणल्या होत्या, त्या वाऱ्याने उडून गेल्या. तेव्हा मावशीने लेकीचा आखूड झालेला पिवळा फ्रॉक फाडला, निळ्या ठिपक्यांचा. दर दहाव्या ठोंबाला एक चिंधी. मोजायचं काम लेकीकडे. त्यामुळे चिंधी कधी नवव्या ठोंबाला पडली, कधी तेराव्या, आणि एकदा तर चांगली विसाच्या पुढे गेली. मॅडम म्हणाल्या, "मावशी, हे पुन्हा बांधू या का?"

"राहू द्या," मावशी म्हणाली. "माझ्या लेकीने मोजलंय. आता गवतानेच आपला हिशेब जुळवून घ्यावा."

यंदा तिसरं वर्ष. उपटायचं काम मावशीच्या धाकट्या भावाला मिळालं होतं. त्याचा टेम्पो होता, आणि त्याच्यासाठी शब्द टाकला होता तो मावशीनेच. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कोणाकडे?

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ती आवारात गेली. निम्म्या ओळी रिकाम्या होत्या, जागोजागी खड्डे. भाऊ पहार घेऊन घामाघूम झाला होता. टेम्पोत नुसता पाला भरलेला.

"धाकट्या, मुळं कुठे गेली?"

"कुठली मुळं?"

"या गवताची. का हे गवत बिनमुळाचं होतं?"

"खड्ड्यात टाकली की."

मावशीने मूठ उघडली. भावाने चिंधीकडे पाहिलं, मग टेम्पोकडे, मग स्वतःच्या चपलांकडे.

"ताई, पाला सगळाच्या सगळा खड्ड्यात टाकलाय. आईशप्पथ! एक पान इकडचं तिकडे नाही."

"पाल्याला काय चाटायचंय? विष मुळात आहे!"

"अगं पण गावभर तूच सांगत फिरायचीस ना, हे गवत माती साफ करतं म्हणून? जे साफ करतं ते घाण कसं असेल? आणि मी तीन पाण्याने धुतली ती मुळं. शेवटचं पाणी तर इतकं नितळ होतं, की तोंड धुवावं."

मावशीला हसावं की रडावं ते कळेना. कारण तो निम्मं खरं बोलत होता. त्याला मनापासून तसंच वाटलं होतं. उरलेलं निम्मं असं, की कारखाना पाच मिनिटांवर होता आणि खड्डा तासाच्या वाटेवर, शिवाय खड्डा मुळांचे पैसे देत नाही.

"ज्या फडक्याने मोरी पुसलीस, त्याच फडक्याने ताट पुसशील का रे? तीन पाण्याने धुऊन?"

धाकट्याने पहार जमिनीवर टाकली.

"मला विचारायचंस तरी!"

"विचारलंच की," तो एकदम म्हणाला. "पोती मी मुद्दाम दुसऱ्याच्या हाती पाठवली, भावाचा माल म्हणून तुला भीड पडू नये. तू परत पाठवली असतीस तर गुपचूप खड्ड्यात टाकणार होतो. पण तू वास घेतलास आणि उत्तम म्हणालीस. मला वाटलं, ताई उत्तम म्हणतेय म्हणजे त्यात काही नसणार."

भावाच्या थोबाडीत द्यायला उचललेला हात तसाच खाली आला, कारण तो द्यायचा तर आधी स्वतःच्या थोबाडीत द्यायला हवा होता.

"चार वाजता कारखान्यावर टेम्पो घेऊन ये," ती म्हणाली. "रिकामा."

"कशाला?"

"ये म्हटलं ना!"

परत जाताना तिने मातीवाल्या मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. आपला शेरासुद्धा.

"वाफेवर नुसतं तेल काढलं असतं तर कदाचित फारसं आलं नसतं," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही मुळं पाण्यात उकळून आटवलीत. उतरलं असणार. किती, ते नमुना तपासल्यावरच सांगता येईल. आठ दिवस तरी लागतील."

"गाडी आज चार वाजता येतेय."

"मग थांबवा, मावशी. काहीही करा."

मावशी चालता चालता थांबली. "मॅडम, एक विचारू? शिशाला वास असतो का हो?"

"नाही, मावशी. काहीच नसतो."

हे तिला ठाऊक असायला हवं होतं. त्या आवाराच्या शेजारी तिने संसार केला होता. लेक रोज तिथून खेळून यायची, मावशी तिला उचलून घ्यायची, केसांत नाक खुपसायची, आणि तिला यायचा तो फक्त उन्हाचा आणि पोरीच्या घामाचा वास. तेव्हाही हेच नाक होतं. रस्त्याच्या कडेला उभी राहून ती थोडी रडली. मग पदराने तेच नाक पुसलं आणि कारखान्यात शिरली.

मालक त्याच्या काचेच्या खोलीत होता. वडिलांच्या मागे धंदा त्याच्याकडे आला होता. माणूस वाईट नव्हता, फक्त नको त्या गोष्टी ऐकू न येण्याची त्याला सवय होती. मावशीने चिंधी टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं.

"पण मावशी, चार दिवस उकळलंय ना आपण? उकळल्यावर काय शिल्लक राहतंय?"

"उकळून जंतू मरतात, मालक. शिसं मुळात जिवंतच नसतं, ते मरेल कसं?"

"बरं, असेल थोडंफार. एका पिंपाची हजारो पाकिटं होतात. एकेका पोराच्या वाट्याला थेंबभर येणार. थेंबाने काय होतंय?"

"माझ्या लेकीच्या पोटातही कोणी पिंप ओतलं नव्हतं. थेंबच गेले होते."

मालकाने पेन उघडलं, बंद केलं. मग आवाज एकदम मऊ केला. मऊ आवाजाची माणसं जपून ऐकावीत.

"मावशी, मी तुमच्या भल्याचं सांगतो. शेरा तुमचा आहे. शिक्का तुमचा आहे. माल तुमच्या भावाचा आहे. हे बाहेर गेलं तर लोक काय म्हणतील? बहीण-भावाने मिळून केलं म्हणतील. बावीस वर्षांचं नाव एका दुपारी धुळीला मिळेल. आणि तपासणीत काही निघालंच नाही तर? झाकली मूठ सव्वा लाखाची, मावशी."

खोटं कशाला बोला, मावशीला मोह झाला. एक श्वास आत घेऊन बाहेर सोडेपर्यंतच, पण झाला. नुसतं 'बरं' म्हणायचं आणि डबा खायला जायचं, की भाऊ वाचला, नाव वाचलं, नोकरी वाचली. पाकिटाचा कोपरा दाताने फाडणारी लेक तिच्या डोळ्यांपुढे आली आणि मोह जागच्या जागी मेला.

ती बाहेर गेली, वही घेऊन आली, आणि मालकासमोर टेबलावर उघडली. 'वास: उत्तम' हे तिने खोडलं नाही, कारण वास खरोखरच उत्तम होता. त्याच्याखाली तिने सावकाश लिहिलं, 'माल विषारी. माझं नाक चुकलं.' खाली सही केली, तारीख घातली.

मालकाने वाचलं. मग खणातून पट्टी काढली, पानावर नीट धरली आणि पान पट्टीच्या कडेने सरळ फाडलं. चार घड्या घालून खिशात ठेवलं.

"कसला शेरा, मावशी?" तो म्हणाला.

"तुम्हाला मी अर्ध्या चड्डीत पाहिलंय, मालक," मावशी म्हणाली. "वडिलांना दाखवायचं नसलेलं पान तुम्ही तेव्हाही असंच पट्टी लावून फाडायचात. मार चुकला का कधी?"

साडेतीन वाजले होते. मावशीने टेबलावरची चिंधी उचलून कमरेला खोचली आणि ती पिंपापाशी गेली. झाकण काढून तिने तीन छोट्या बाटल्या अर्काने भरल्या, बुचं घट्ट लावली, वर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर तारीख आणि सही. बाटल्या तिने न उघडलेल्या डब्याशेजारी पिशवीत ठेवल्या. मग ती संडासाकडे गेली आणि तिथले फिनेलचे दोन्ही कॅन दोन हातांत उचलून आली. येताना पिशवी तिच्या खांद्याला होती. ती तिने आता खाली ठेवली नाही.

"मावशी, पिंप धुवायचंय का?" भट्टीवाल्याने विचारलं.

"हो. अर्कासकट."

झाकण पुन्हा उघडताच तो वास वर आला. मावशीने तो एकदा मन भरून घेतला. त्या बिचाऱ्या गवताचा काय दोष? सांगितलेलं काम त्याने इमानाने केलं होतं. तीन वर्षं त्याने मातीतलं विष पोटात घेतलं, आणि माणसांनी ते उपटून पुन्हा पोरांच्या पोटाकडे वळवलं. मग तिने पहिला कॅन उलटा केला. मग दुसरा. काळ्या अर्कात दुधी ढग उठले. तिने लाकडी दांडा घेतला आणि तळापासून ढवळलं, जसं बावीस वर्षं ढवळत आली होती तसंच, नीट.

मालक पळत आला तोवर कारखानाभर फिनेल दरवळलं होतं. लोक कामं सोडून जमले.

"काय केलंत हे! वेड लागलं का तुम्हाला?"

"विषाला वास नव्हता, मालक. आता आहे."

"कोणाला कळणार होतं का? कोणाच्या बापाला तरी कळलं असतं का?"

"नसतं कळलं," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मला कळलं नाही तर कोणाला कळणार? ऐका रे सगळे. हे मूळ बॅटरीच्या आवारातलं आहे. यात शिसं आहे. मी उत्तम म्हणाले आणि मी चुकले. वहीतलं पान मालकांच्या खिशात आहे, हवं तर मागून वाचा. नाहीतर माझ्या तोंडून ऐकलंतच."

कोणी पान मागितलं नाही. पण सगळ्यांनी मालकाच्या खिशाकडे पाहिलं, आणि मालकाने खिशावर हात ठेवला.

तेवढ्यात थंड पेयवाल्यांची गाडी आली, चारच्या थोडी आधीच. ड्रायव्हर शिट्टी वाजवत आत आला आणि दारातच थबकला.

"जरा सांडलंय हो," मालक घाईने म्हणाला. "वरवरचं आहे. हवा लागली की उडून जाईल. घ्या चढवून."

ड्रायव्हर पिंपाजवळ गेला, वाकला, आणि दोन पावलं मागे आला ते नाक धरूनच.

"साहेब, शाळेतली पोरं पितात ते. याला संडासाचा वास येतोय! हे मी गाडीत घेणार नाही."

बावीस वर्षांत त्या कारखान्यात पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाच्या नाकाने माल नाकारला होता, आणि मावशीला त्याचा इतका आनंद झाला की तिने त्या ड्रायव्हरला नमस्कारच केला. तो बावरून गाडीत जाऊन बसला.

"उद्यापासून येऊ नका," मालक म्हणाला.

"नाही येणार. पण हे पिंप खड्ड्यात गेल्याशिवाय आज इथून हलणारही नाही. मोरीत ओतू देणार नाही, मागच्या नाल्यात सोडू देणार नाही. नमुने मॅडमकडे जातील. काही निघालं नाही तर या पिंपाची भरपाई माझ्या राहिलेल्या पगारातून आणि भावाच्या टेम्पोतून करून घ्या. आणि निघालं, तर तुमच्या खिशातलं पान तेवढं जपून ठेवा."

तिने झाकण घट्ट लावलं. कमरेची चिंधी काढून पिंपाच्या कडीला बांधली, डाव्या हाताने, दोन वेढे आणि तिसरा आतून. आणि त्या झाकणावर ती ठाण मांडून बसली. चार वाजले. सव्वाचार झाले. भट्टीवाल्याने न सांगता तिला पाणी आणून दिलं. धाकटा येईल की नाही हे तिला माहीत नव्हतं, आणि तो न आला तर हे पिंप ढकलत न्यायला किती दिवस लागतील याचा ती खरोखरच विचार करत होती.

वीस मिनिटांनी हॉर्न वाजला. टेम्पो रिकामा होता. धाकटा आत आला, फिनेलच्या वासाने त्याचा चेहरा वाकडा झाला. मग त्याला कडीची चिंधी दिसली. तो मालकाकडे न बघता सरळ पिंपापाशी आला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "घरामागे अजून दोन पोती आहेत. पुढच्या आठवड्यात पाठवणार होतो."

त्याला त्या पोत्यांबद्दल कोणी विचारलं नव्हतं. मावशी झाकणावरून उतरली.

"तीही घेऊ वाटेत," ती म्हणाली. "धर तिकडून."